सात फूट सात इंच

५ जुलै

दादा,

'तीर्थरूप दादास' असं लिहायला घेतलं होतं, दोन कागद फाडले. सात वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही आणि कागदावर पाया पडायचं, माझं मलाच हसू आलं. तेव्हा नुसतं दादा. फोन तू घेत नाहीस. वहिनी घेतात, "ते बाहेर गेलेत" म्हणतात, आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. म्हटलं, कागदच बरा. फाडायचा झाला तरी दोन ओळी डोळ्यांखालून गेल्याशिवाय राहत नाहीत.

तुझा लेक माझ्याकडे आहे. मी बोलावलेला नाही, हे आधी नीट ऐक. परवा सकाळी बॅग घेऊन दारात उभा. "काका, कॉलेजात नाव घातलंय, फुटबॉलच्या टीममध्ये घेतलंय, हॉस्टेलात जागा नाही." आता सख्ख्या पुतण्याला दारातून परत पाठवू? तू म्हणे सगळ्यांना सांगत सुटलायस, धाकट्याने पोरगा पळवला. अरे, सहा फूट दोन इंचांचा घोडा तो, त्याला काय मी खिशात घालून आणला?

तुझी अट त्याने सांगितली. एक हंगाम. हंगाम संपताना विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर खेळायचं, नाही तर गपचूप तुझ्या वर्कशॉपमध्ये येऊन वेल्डिंगचा चष्मा लावायचा. खरं सांगू, तुझ्या मानाने ही दिलदारीच झाली. मला तू एक दिवसही दिला नव्हतास. तिथे माझ्या हातून एक फाटक चार बोटं आखूड झालं, तर गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "ह्याच्या हाताला मापच नाही." मी त्याच दुपारी हातमोजे टेबलावर ठेवले आणि निघालो. असो. जुनं उगाळत बसत नाही.

हाताला माप नसलेला हा माणूस आता कॉलेजचं मैदान सांभाळतो. गवत, रोलर, चुन्याची फक्की. शंभर मीटरची रेघ मी दोरी धरून मारतो, ती कुठे केसभर वाकडी निघाली तर मिशी उतरवीन. ह्या सुट्टीत दोन्ही गोलपोस्ट बुडाशी गंजून चाळणी झाले होते. प्राचार्य म्हणाले, बाहेरून वेल्डर बोलवा, तुमचे बंधू त्यातलेच ना? मी म्हटलं, काही गरज नाही. गंजलेलं कापलं, खाली नवा पाइप जोडला, उभे केले, सिमेंट ओतलं, रंगाचे दोन हात दिले. एकट्याने. ओळंबा लावून, पाणसळ लावून, टेप धरून. तू बघितलं असतंस तर गप्प बसला असतास, आणि तुझं गप्प बसणं म्हणजे शाबासकीच.

वहिनींना सांग, पोरगा पोटभर जेवतो. पोटभर म्हणजे आमच्या दोघांचं मिळून.

तुझा धाकटा

१२ ऑगस्ट

दादा,

उत्तर नाही. येणार नव्हतंच, मीच उगाच आठवडाभर पोस्टमनच्या तोंडाकडे बघत होतो. आमची ही म्हणते, "तुम्ही लिहिता कशाला? भिंतीशी बोला, भिंत निदान घरात आहे." लिहितो, कारण पोराचं सांगायला दुसरं कुणी नाही.

टीमने त्याचं नाव 'बगळ्या' ठेवलंय. लांब तंगड्या, लांब मान, आणि गोलमध्ये एका जागी उभा राहतो तो असा की वाटतं झोप लागली. मग एकदम झेप. यंदा साखळीतले आपले सगळे सामने आपल्याच मैदानावर आहेत, कारण बाकीच्या कॉलेजांची मैदानं एक तर खणून ठेवलीत, नाही तर त्यांवर गाड्या लावतात. माझ्या अंगावर दुप्पट काम आलंय, पण तक्रार नाही. दोन सामने झाले, दोन्ही जिंकले, एकही गोल खाल्ला नाही.

आता तुला एक गंमत सांगतो. उंच आलेल्या चेंडूवर दुसरे कीपर उड्या मारतात, हात आपटतात. हा नाही. चेंडू वरून जाणार असं ह्याला दिसलं की हा हात खाली घेतो आणि नुसता बघत राहतो. पहिल्यांदा मी कडेने ओरडलोच. चेंडू सुळकन गोलच्या आडव्या दांड्यावरून गेला. आमचे कोच पूर्वी गणित शिकवायचे, कौतुक करायची वेळ आली की स्वतःची नखं बघत बोलतात. ते म्हणाले, "चेंडू आत येणार की वर जाणार, हे ह्याला पाय लागतानाच कळतं. हे शिकवून येत नाही."

मी मनात म्हटलं, शिकवून येतं की! रोज सकाळी सहाला मी आणि तो मैदानावर असतो. मी शंभर चेंडू उंच मारतो, तो चेंडू हवेत असतानाच ओरडतो, "आत! वर! वर! आत!" महिन्याभरात चुकायचाच थांबला. माझे गुडघे बोंबलतायत, पण पोराचा डोळा मी तयार केलाय, दादा. तू त्याला वेल्डिंगची रेघ शिकवलीस, मी दांडा शिकवला. आता भांड माझ्याशी.

तुझा धाकटा

१६ सप्टेंबर

दादा,

पाच सामने, पाच विजय, खाल्लेला गोल फक्त एक, तोही आपल्याच बॅकच्या पायाला लागून. कॉलेजात आता मला 'बगळ्याचे काका' म्हणतात. इतकी वर्षं 'ओ मैदानवाले' म्हणायचे.

मागच्या सामन्यात नशीबही आपल्या बाजूने होतं. दोन चेंडू दांड्याला लागून परत आले, ठण्ण करून. पोरं दांड्याची पापी घ्यायला निघाली होती. मी म्हटलं, रंग ओला नाही, घ्या.

एक गोष्ट मात्र घडली, तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो. मध्ये एक मैत्रीपूर्ण सामना दुसऱ्या गावी जाऊन खेळले, तिथे तीन गोल खाल्ले. तिन्ही डोक्यावरून. कोच म्हणाले, परकी जागा, ऊन डोळ्यांवर, होतं असं. मीही तेच म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून शंभराचे दीडशे चेंडू केले.

विद्यापीठाचे निवडकर्ते येऊन गेले. एक पोट सुटलेला गृहस्थ, कडेला खुर्ची टाकून बसला होता, अर्धा वेळ फोनवर. पण बगळ्याने कोपऱ्यातला एक चेंडू बोटांच्या टोकांनी काढला, तेव्हा त्याने फोन ठेवला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी त्याच्या मागेच फक्कीचं पोतं घेऊन उभा होतो. नाव पोराचंच होतं, डोळ्यांनी वाचलं. अंतिम सामना बघून पक्कं करणार म्हणाला. दादा, पोरगा तुझी अट जिंकतोय. ऐकतोयस ना?

तुझा धाकटा

१४ ऑक्टोबर

दादा,

लिहिण्यासारखं विशेष नाही. हिची दाढ काढली. गाल सुजलाय, त्यामुळे घरात शांतता आहे. बगळ्याचे बूट फाटले, नवे आणले. नवी जाळी आली, टांगली.

उपांत्य सामना वीस तारखेला, इथेच. अंतिम सामना मोठ्या स्टेडियमवर, दोन नोव्हेंबरला. तिथे आदल्या दिवशी सराव करू देत नाहीत म्हणे. कशाला असले नियम करतात कोण जाणे.

एक विचारायचं होतं, सहज. समजा, तुझ्याकडून एखादं काम मापात चुकलं. गिऱ्हाईक घेऊन गेलं, बसवलं, त्याला पत्ताही नाही, उलट खूश आहे. आणि तुला नंतर कळलं. तर तू जाऊन सांगतोस का? की चाललंय ते चालू देतोस? तू सांगतच असशील. तुझं कधी चुकतच नाही म्हणा, तुला काय विचारायचं.

उत्तर दिलंस तर बरं होईल. ह्या वेळी खरंच.

तुझा धाकटा

३ नोव्हेंबर

दादा,

हरलो. एक-शून्य. पोरगा ठीक आहे.

तुझा धाकटा

८ नोव्हेंबर

दादा,

पोरगा ठीक नाही. मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

तुझ्यापर्यंत तो व्हिडिओ आला असेल. सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. शेवटची सहा मिनिटं उरलेली, शून्य-शून्य. त्यांच्या पोराने लांबून उंच मारला. बगळ्याने वर पाहिलं, हात खाली घेतले, बॅकला ओरडून सांगितलं, "जाऊ दे!" आणि चेंडू दांड्याखालून जाळीत. मधे कुणी नाही, धक्का नाही, ऊन नाही. कीपर हात खाली घेऊन उभा आणि मागे जाळी हलतेय. लोक म्हणतायत, मुद्दाम सोडला. कुणीतरी त्याला फोडला. निवडकर्त्याने तिथल्या तिथे वही मिटली. गाडीत त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. कोचने एवढंच विचारलं, "का सोडलास?" तो म्हणाला, "सर, मला वर दिसला." कोच म्हणाले, "दिसला?" आणि तोंड फिरवलं.

तेव्हापासून जेवत नाही. फोनवर तेच लावून बघतो. थांबवतो, मागे नेतो, परत बघतो. परवा मला म्हणाला, "काका, माझे डोळे बिघडलेत का हो? आता बघतानाही मला तो वरच दिसतो."

दादा, त्याचे डोळे ठणठणीत आहेत. दांडा खाली होता. आमच्या मैदानावरचा.

सगळं सांगतो, आता लपवायचं काही राहिलं नाही. ऑक्टोबरात नवी जाळी टांगली तर ती खाली ढीग करून पडायला लागली. मला वाटलं, कारखान्याने मोठी पाठवली. शिव्या घालत टेप लावला. जमिनीपासून दांड्यापर्यंत सात फूट सात इंच. पळत दुसऱ्या टोकाला गेलो. सात फूट सात इंच. आठ फूट लागतात.

कसं झालं ते ऐक, आणि हसायचं असेल तर हस. कीपर जिथे उभा राहतो तिथे पाय घासून घासून खळगा पडतो, दोन्हीकडे चांगला पाच इंच. सुट्टीत पोस्ट उभे करताना मी टेप दांड्याच्या मधोमध धरला आणि खाली सोडला, तो त्या खळग्यात. आठ फूट, अगदी दोरा लावल्यासारखे. सिमेंट ओतलं. मग आठ दिवसांनी मैदान तयार करायला घेतलं आणि दरवर्षी भरतो तसा खळगा मातीने भरला, पाणी मारलं, रोलर फिरवला. एरवी पोस्ट जागचे हलत नाहीत, म्हणून भरावाने काही बिघडत नाही. ह्या वर्षी बिघडलं. आधी भराव, मग माप. एवढं साधं. तुझ्याकडे काल लागलेल्या माणसालाही हे कळलं असतं. पंच येतात ते जाळीला भोकं आहेत का बघतात, दांडा कुणी मोजत नाही.

इथपर्यंत चूक होती. माणूस आहे, चुकतो. पण बारा ऑक्टोबरला मला कळलं आणि मी टेप गुंडाळून खिशात घातला. ती चूक नव्हती. उपांत्य सामना मला माहीत असताना झाला. त्यात एक चेंडू दांड्याला लागून परत आला, पोरं नाचली, मीही टाळ्या वाजवल्या. दांडा आपल्या जागी असता तर तो गोल होता.

का गप्प बसलो? सांगितलं तर सगळे सामने रद्द होणार, मग निवड कसली? पोराचा हंगाम गेला असता आणि तो तुझ्याकडे आला असता. हे एक. आणि दुसरं, मोठं. तुझं म्हणणं खरं ठरलं असतं. मी म्हटलं, एक सामना उरलाय, निभेल.

अंतिम सामन्याच्या सकाळी बसच्या दाराशी मी त्याला म्हणालो, "वरचा चेंडू सोडू नकोस. कितीही वर दिसला तरी हात घाल." तो हसला. "काका, आता तुम्ही कोचपण होणार?" मी म्हणालो, "तसं समज." एवढंच बोललो. खरं कारण माझ्या जिभेवर होतं आणि मी बाजूला झालो. बसचं दार लागलं.

रोज सकाळी दीडशे चेंडू मारून मी त्याच्या डोळ्यांत चुकीचा दांडा बसवला, दादा. दुसऱ्या कुणी नाही.

उद्या प्राचार्यांकडे जातोय. आधी तुला लिहितोय, कारण तो तुझा आहे. तुझ्या कानावर मुद्दाम-बिद्दाम काही आलं तर त्यातला शब्दही खरा मानू नकोस.

तुझा धाकटा

२४ नोव्हेंबर

दादा,

सांगितलं. प्राचार्यांना आधी समजेचना. "पाच इंचांनी काय होतं हो?" मी त्यांना मैदानावर नेलं, दांड्याखाली उभं केलं, टेप त्यांच्याच हातात दिला. मग समजलं. कमिटी बसली. आमच्या मैदानावरचे सगळे सामने रद्द. उपविजेत्यांची पदकं परत मागवली. पोरांनी पिशवीत भरून ऑफिसात आणून ठेवली, कुणी मोजूनही घेतली नाहीत. मला डिसेंबरअखेर कॉलेजची खोली रिकामी करायला सांगितलंय. कोच समोरून आले की रस्ता बदलतात. गैर नाही.

मला वाटलं होतं, निदान पोराचं नाव धुऊन निघेल. मी किती भाबडा, बघ. ज्यांची तोंडं म्हणत होती 'मुद्दाम सोडला', तीच आता म्हणतायत, काकाने पुतण्यासाठीच दांडा खाली केला. कॅन्टीनमध्ये त्याच्या पाठीमागे हाताने उंची दाखवतात आणि खो-खो हसतात. एक डाग काढायला गेलो आणि दुसरा लावून बसलो.

त्याला मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसवून सांगितलं होतं, प्राचार्यांकडे जायच्या आधी. भर दुपारी, मैदान रिकामं. सगळं सांगितलं, टेप, खळगा, बसचं दार. मला वाटलं, मारेल. खरंच वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिला. मी म्हटलं, "तुझी काही चूक नाही रे, बाळा. तुझा डोळा बरोबर होता." मला वाटलं, एवढं ऐकून त्याला मोकळं वाटेल.

तर तो म्हणाला, "म्हणजे मी अडवले ते?"

मला कळलंच नाही. म्हटलं, "कुठले?"

"हंगामभर अडवले ते. उंचावरचे. पाच इंच कमी होते म्हणूनच ना?"

दादा, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी त्याची चूक परत घ्यायला गेलो होतो आणि त्याची कमाईही उचलून आणली. मग आम्ही दोघं तिथेच बसलो आणि तो एकेक सामना काढायला लागला. पहिल्या सामन्यातला डाव्या खांबाजवळचा? तो जमिनीलगत होता, म्हटलं, तो तुझा. तिसऱ्या सामन्यातली पेनल्टी? कंबरेएवढी, तुझी. निवडकर्त्याने वही उघडली तो? तो वरच्या कोपऱ्यातला होता. बराच वेळ असं चाललं. माझे सांगून संपले तरी तो आठवत होता.

मग उठला आणि विचारलं, "बाबांना का नाही बोलावलंत? दोन तासांचं काम होतं त्यांचं."

मी म्हटलं, "आमचं बोलणं नाही, तुला माहीत आहे."

"मग तुम्ही दोघांनी मिळून केलंय हे," म्हणाला. आवाज चढवला नाही. "एकाने बोलवायचं नाही, दुसऱ्याने यायचं नाही. आणि खाली मी उभा."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, हिने ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाली, "ह्याला उत्तर असेल तर आताच द्या, नसेल तर जेवायला बसा." मी जेवायला बसलो.

काल तो बॅग घेऊन गेला. कुठे ते सांगितलं नाही. मला वाटतं, तुझ्याकडेच येईल, जाणार कुठे? आला तर 'मी म्हटलं नव्हतं का' हे वाक्य तोंडातून काढू नकोस. एवढं माझं ऐक. आणि तो एक हंगाम त्याचा धरू नकोस. तो मी खाल्ला. त्याच्या वाट्याचा अजून बाकी आहे.

तुझा धाकटा

१९ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच हिने हाक मारली, "अहो, या आधी, टेका आणि मग उघडा." सात वर्षांनी तुझं अक्षर. आत दोन शब्द. 'पाठवून दे.' मला नमस्कार नाही, शिवी नाही. खाली नावही नाही. तरी मी ते चारदा वाचलं. आता लपवत नाही, रडलोही.

पण पाठवू कुणाला? तो माझ्याकडे नाही. मी धरून चाललो होतो तुझ्याकडे असेल, तू धरून चालला होतास माझ्याकडे असेल. महिनाभर पोरगं कुठे आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि एक फोन केला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी केला नाही, तूही नाहीस. आता बोल, काय बोलणार?

शोधला मी. टीममधला डावा बॅक आहे, एकटा तोच त्याच्याशी बोलत होता. त्याच्या खोलीवर राहतोय, चटई टाकून. सकाळी एका छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलतो. कॉलेज सोडलेलं नाही. आणि दुधाच्या डेअरीत काम करणाऱ्या माणसांची एक टीम आहे, पोटं सुटलेली, कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची कंबर. त्यांचा कीपर जिन्यावरून पडला, म्हणून ह्याला घेतलंय. डावा बॅक सांगत होता, पहिल्या दिवशी तो गोलमध्ये उभाच राहीना. उंच चेंडू आला की दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसायचा, आपलाच डोळा खोटं बोलतो ह्या भीतीने. डेअरीवाले हसले नाहीत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने शिडी आणली, टेप आणला आणि ह्याच्याकडून दांडा मोजून घेतला. मधे, डावीकडे, उजवीकडे. मग म्हणाले, आता खेळ. तेव्हापासून रोज थोडा थोडा खेळतो. बरेच गोल खातो म्हणे.

मी भेटायला गेलो. जिन्यात उभा राहून बोलला, आत या म्हणाला नाही. वाळलाय. मी म्हटलं, "तुझ्या बाबांचं पत्र आलंय, घरी बोलावलंय." म्हणाला, "हरलो म्हणून बोलावलंय?" तुझ्या दोन शब्दांत ह्याचं उत्तर नव्हतं. तेव्हा पाठवून दे म्हणू नकोस, दादा. तो सामान नाही.

रविवारी त्याचा पहिला सामना आहे. डेअरीच्या मागचं मैदान, दुपारी तीनला. बघायला कुणी नसतं, बसायला बाकडं नाही, उभंच राहावं लागतं. मी म्हटलं, येतो. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, तुम्ही येऊ नका." मी बरं म्हणालो आणि जिना उतरलो. मी जाणार नाही. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलंय.

तू येऊ नकोस असं मात्र तो म्हणालेला नाही. मी दोनदा आठवून पाहिलं, तसं म्हणालाच नाही.

तू जा.